मोर्चाचं फुटेज कुणाच्या कपाटात आहे?

डिसेंबर लागला की व्हॉट्सॲपवर एक काळीपांढरी क्लिप फिरायला लागते. बाबासाहेबांची अंत्ययात्रा, ७ डिसेंबर १९५६, दादर. दिसतं काय तर माणसंच माणसं, रस्ता म्हणून दिसतच नाही. आवाज कुणीतरी नंतर चिकटवलेला असतो, कधी भीमगीत, कधी नुसतंच व्हायोलिन, कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनलचा लोगो आणि त्या लोगोवर दुसऱ्या चॅनलचा लोगो. इतक्या वेळा फॉरवर्ड आणि कॉम्प्रेस होऊन चेहरे पार पुसट झालेत. तरी लोक थांबून बघतात, आजीला दाखवतात, पुढे पाठवतात.

ही फिल्म काढली नामदेवराव व्हटकरांनी. मराठी सिनेमा-नाटकातला माणूस, पदरमोड करून कॅमेरा उभा केला आणि तो दिवस टिपून ठेवला. क्लिपखाली त्यांचं नाव क्वचितच दिसतं, ते दिसायला हवं, तो एक मुद्दा झालाच, पण मला बोलायचंय ते वेगळं आहे. ही फिल्म आज घराघरात आहे ती कुठल्या एसी वॉल्टमुळे नाही, लोकांनी ती आपली मानली आणि हातोहात फिरवली म्हणून. फाटकी, खराब, नाव नसलेली, पण जिवंत. उलट कितीतरी फिल्म अशा आहेत की ज्यांची प्रिंट चकाचक आहे आणि ज्यांच्यावर ती काढली त्या लोकांनी ती आयुष्यात बघितलेली नाही.

तर माझं म्हणणं सरळ आहे. संपाच्या, मोर्चाच्या, आंदोलनाच्या जुन्या फिल्म जपायच्या म्हणजे रिळं स्कॅन करून हार्डडिस्कवर टाकली आणि प्रेसनोट काढली एवढ्यावर संपत नाही. ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांच्या गावात, त्यांच्या भाषेत, त्यांच्या पोराबाळांना ती बघायला मिळत नसेल तर ते जतन निम्मंच झालं. आणि या कामाला पैसा सरकारचा लागेल, तो मागायचा हक्कच आहे आपला, पण फिल्मच्या किल्ल्या मात्र सरकारच्या हातात नकोत. पैसे घ्यायचे आणि किल्ल्या द्यायच्या नाहीत हे कसं जमणार असं कुणी विचारेल, त्यावर येतोच.

आधी सरकारकडे काय आहे ते बघू. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, मुंबईत पेडर रोडला. ज्यांचं वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना थिएटरातलं ते न्यूजरील आठवत असेल, सिनेमा सुरू व्हायच्या आधी सक्तीने दाखवायचे, धरणाचं उद्घाटन, मंत्री फीत कापतायत, पूरग्रस्तांना धान्यवाटप, आणि मग एकदाचा सिनेमा. थिएटरवाल्याला ते लावावंच लागायचं आणि वर त्याचे पैसेही भरावे लागायचे. आणीबाणीत याच यंत्रणेने वीस कलमी कार्यक्रमाचे गोडवे गायले. आता मी असं म्हणत नाही की तिथे सगळी सरकारी भाटच होते. साठच्या दशकाच्या शेवटी तिथल्या काही मंडळींनी चांगल्या धीट फिल्म काढल्या, आणि देशभरातले चेहरे, बाजार, कारखाने, शेतं त्या रिळांमध्ये आहेत ते सोनंच आहे. पण या रिळांमधला कामगार बहुतेक वेळा काम करताना दिसतो. मशीनवर वाकलेला, घामाघूम, राष्ट्र उभारणारा. तोच कामगार काम बंद करून गेटवर बसला की कॅमेरा दुसरीकडे वळतो.

मग ते बसणं कुणी टिपलं? ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी. कच्ची फिल्म महाग, ती मिळवणं हीच मारामार. १६ एमएमचं चारशे फुटांचं एक रीळ घेतलं तर त्यात जेमतेम अकरा मिनिटं मावतात. म्हणजे सभेत नेता दोन तास बोलणार आणि तुमच्याकडे अकरा मिनिटं, कधी बटण दाबायचं आणि कधी सोडायचं हे तिथल्या तिथे ठरवायचं. आज आपण फोनवर तासभर लाइव्ह करतो त्यामुळे हे डोक्यात शिरत नाही. आनंद पटवर्धनांनी १९७४ साली बिहारात जेपींच्या आंदोलनाची फिल्म काढली तेव्हा त्यातलं बरंचसं सुपर ८ वर शूट केलं होतं, म्हणजे घरातल्या वाढदिवसाचं शूटिंग करायचा कॅमेरा, नंतर ते पडद्यावर टाकून १६ एमएमवर पुन्हा शूट केलं. आणीबाणी लागल्यावर ती फिल्म लपवून ठेवावी लागली, प्रिंट बाहेरदेशी पाठवावी लागली. अशा वस्तूची कॉपी सरकारी वॉल्टमध्ये ठेवायला कोण नेऊन देणार होतं?

निपाणीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, जरा सविस्तर सांगतो.

निपाणी म्हटलं की आपल्याकडे १९८१ आठवतं. शरद जोशी, तंबाखूला भाव, पुणे-बंगळूर हायवेवर आठवडेच्या आठवडे बसलेले हजारो शेतकरी, आणि ६ एप्रिलचा गोळीबार, त्यात बारा शेतकरी गेले. हे बरोबरच आहे, ते विसरता कामा नये. पण त्याच गावात, त्याच तंबाखूच्या वखारीत दुसरी एक लढाई चालू होती आणि ती बायकांची होती. शेतातून आलेला तंबाखू वखारीत चाळायचा, निवडायचा, कुटायचा, त्याची धूळ नाकातोंडात, डोळ्यांत, अंगावरच्या लुगड्यात. मजुरी नावाला. या बायकांनी युनियन केली, संप केला. हा शेतकऱ्यांचा माल, ह्या बायका त्या मालावरच्या मजूर, म्हणजे एकाच तंबाखूच्या दोन टोकांना दोन लढाया, आणि आपल्या आठवणीत एकच राहिली.

दुसरी राहिली ती एका फिल्ममुळे. १९८० साली बंगळूरमध्ये युगांतर नावाचा एक गट उभा राहिला, दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्यावर नवरोज काँट्रॅक्टर. त्यांनी पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेवर 'मोलकरीण' काढली, १९८१ ची, आणि मग निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर दुसरी. दोन्ही काळ्यापांढऱ्या, दोन्ही साधारण अर्ध्या तासाच्या आतल्या, दोन्ही मराठी बोलणाऱ्या बायकांच्या. यांची पद्धत अशी की आधी बायकांमध्ये जाऊन राहायचं, बैठकांना बसायचं, काय दाखवायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवायचं, काही प्रसंग त्या बायकांनीच पुन्हा करून दाखवायचे. म्हणजे मालकिणीशी पगारावरून झालेली वादावादी ज्या बाईने खरी केली तीच कॅमेऱ्यासमोर ती परत करणार. कुणी म्हणेल ही डॉक्युमेंटरी कसली, हे तर नाटक. मला ते उलट जास्त खरं वाटतं, कारण ज्या वेळी वादावादी झाली त्या वेळी तिथे कॅमेरा असणं शक्यच नव्हतं, कॅमेरा घेऊन कुठली मालकीण स्वयंपाकघरात येऊ देईल? आणि फिल्म झाल्यावर ती परत बायकांमध्ये, वस्त्यांमध्ये दाखवायची, दुसऱ्या गावच्या कामगारांना दाखवायची, म्हणजे बघा बाई असंही करता येतं. फेस्टिव्हलला पाठवायला काढलेल्या फिल्म नव्हत्या त्या. संघटना बांधायचं हत्यार होतं.

मग मधली तीसेक वर्षं या फिल्म जवळजवळ कुणाला बघायलाच मिळत नव्हत्या. आणि त्या वाचल्या कुठे? बर्लिनला. तिथल्या आर्सेनल नावाच्या फिल्म संस्थेने त्या डिजिटल केल्या आणि मग जगभर परत दाखवल्या जाऊ लागल्या.

बर्लिनवाल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट हात जोडतो. पण हे वाचताना थोडी लाज वाटायला हवी की नाही? पुण्यातल्या मोलकरणींची फिल्म. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ पासून उभं आहे. जिथे त्या बायका भांडी घासायला जायच्या त्या सोसायट्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि फिल्म वाचायला जर्मनीला जावं लागतं. संग्रहालयातल्या लोकांचा दोष आहे असंही नाही, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने तिथे आयुष्य घालवून जे जमवलं त्याला तोड नाही. पण एकंदर व्यवस्थेच्या मनात जपायचा सिनेमा म्हणजे फीचर सिनेमा, प्रभात, राज कपूर, गुरुदत्त. तेही जपायलाच हवेत, २००३ च्या जानेवारीत पुण्यात आग लागून नायट्रेटच्या जुन्या फिल्म जळाल्या ते दुखणं अजून आहेच. राष्ट्रीय चित्रपट वारसा मिशनसाठी ५९७ कोटी मंजूर झाले, चांगली गोष्ट आहे. फक्त त्या यादीत निपाणीची वखार कितव्या नंबरला येते ते मला कुणीतरी सांगा. आणि आता तर फिल्म्स डिव्हिजन, फिल्म संग्रहालय सगळं एनएफडीसीच्या एकाच छत्राखाली नेलंय, म्हणजे ज्या कंपनीचं काम सिनेमा काढणं आणि विकणं तिच्याकडेच देशाची आठवण सांभाळायलाही दिलीय. मला हे पटलेलं नाही.

गिरणगावाकडे येऊ, कारण मुंबईत हा विषय काढला की पहिला प्रश्न तोच. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे कागदावर तो अजून चालूच आहे म्हणायला हरकत नाही. मजा बघा, त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला, एशियाड दाखवायला. चॅनल एकच, तेही सरकारचं. त्यात गिरणी कामगाराच्या बाजूने किती मिनिटं आली असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. संपाची आठवण राहिली ती शाहिरांच्या गाण्यात, नारायण सुर्व्यांच्या आधीच लिहिलेल्या कवितेत, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभर जणांशी बोलून केलेल्या पुस्तकात, आणि थोडीफार फिल्ममध्ये. पटवर्धनांची 'ऑक्युपेशन: मिल वर्कर' ही १९९६ ची छोटी फिल्म, बावीसच मिनिटांची, भायखळ्याच्या न्यू ग्रेट ईस्टर्न मिलची आहे. चार वर्षं लॉकआउट, आणि मग कामगार जबरदस्तीने गिरणीत घुसून ताबा घेतात. बाहेर हाकलणाऱ्या मालकाच्या कारखान्यात कामगार घुसतोय, कशासाठी, तर काम करण्यासाठी! हे दृश्य बघितल्याशिवाय गिरणी प्रश्न कळत नाही असं माझं ठाम मत आहे. कारण आपल्या डोक्यात बसवून दिलेली गोष्ट अशी की संपकऱ्यांनी आडमुठेपणा केला आणि गिरण्या बुडाल्या. गिरण्या बुडाल्या की जमिनीचे भाव चढल्यावर बुडवल्या हा वादाचा मुद्दा आहे, आणि त्या वादात ही बावीस मिनिटं म्हणजे एक साक्ष आहे.

साक्ष हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. गिरणी कामगारांना म्हाडाची घरं द्यायची ठरली तेव्हा वारसांना पुरावे मागितले, गिरणीचं तिकीट, ईएसआयचं कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट. किती जणांनी पत्र्याच्या पेटीतून, देवघरामागून ते कागद शोधून काढले. म्हणजे ज्या शहरात गिरणीच्या जागेवर मॉल उभा राहिला, नुसती चिमणी ठेवून तिला हेरिटेज म्हणायचं ठरलं, त्या शहरात आपण इथे होतो हे सिद्ध करायची जबाबदारी कामगाराच्याच सुनेवर. कागद तरी लोकांनी घरी जपले. हलतं चित्र घरी कसं जपणार? ते जपायला थंड कोरडी खोली लागते, मशीन लागतं, ते चालवणारा माणूस लागतो.

आणि वेळ फार नाहीये. १९८० पर्यंतच्या १६ एमएम फिल्म ॲसिटेटवरच्या, दमट हवेत त्या कुजायला लागल्या की डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो, मग फिल्म आक्रसते, वाकते, प्रोजेक्टरला लागतच नाही. मुंबईची, कोकणाची हवा म्हणजे त्याला आमंत्रणच. नंतर आला व्हिडिओ. यू-मॅटिक, व्हीएचएस, हाय-८, मग मिनी डीव्ही. लोकांना वाटतं व्हिडिओ म्हणजे अलीकडचा, टिकेल. उलट आहे. युनियनच्या एखाद्या जुन्या ऑफिसात कपाट उघडा, वरच्या खणात पावतीपुस्तकं, जुने बिल्ले, आणि मागे व्हीएचएसच्या कॅसेटी, पाठीवर शाईने 'मेळावा' एवढंच लिहिलेलं, साल नाही. कॅसेटच्या त्या प्लॅस्टिकच्या खिडकीतून उजेडाकडे धरून बघा, टेपच्या कडेला पांढरी जाळी दिसेल. बुरशी. ती तशीच प्लेअरमध्ये घातली तर हेडही खराब आणि टेपही गेली. ती आधी साफ करावी लागते, हळू, हाताने. आणि प्लेअर कुठून आणणार, यू-मॅटिकचं चालू मशीन आता शोधूनही मिळत नाही. मेळावा कुठला, बोलतंय कोण, हे सांगणारा जो एकटा म्हातारा कार्यकर्ता उरलाय तो गेला की साफ केलेली टेपही मुकीच.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, या फिल्म एकतर्फी असतात, प्रचारकी असतात. असतात की! युनियनच्या बाजूने उभं राहून काढलेली फिल्म युनियनच्या बाजूचीच असणार. पण धरणाच्या उद्घाटनाचं न्यूजरील कुठे दोन्ही बाजूंचं होतं? त्यात मणिबेलीचा माणूस कुठे होता? नर्मदेच्या काठावरचं महाराष्ट्रातलं ते गाव पाण्याखाली जात होतं तेव्हा तिथे कॅमेरा घेऊन सरकार गेलं नव्हतं, आंदोलनासोबतची माणसं गेली होती. दोन एकतर्फी गोष्टी शेजारी ठेवल्या तरच बघणाऱ्याला काही ठरवता येईल. एकच ठेवली आणि तिला निःपक्षपाती म्हटलं की झाली फसवणूक.

आणि एकदा टिपलेलं चित्र पुढे कशाला उपयोगी पडेल हे टिपणाऱ्यालाही ठाऊक नसतं. १९८५ ची पटवर्धनांचीच 'हमारा शहर', मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्यावरची, त्यात शाहीर विलास घोगरे गातात. तेव्हा ते फुटपाथवरच्या माणसांचं गाणं म्हणून टिपलेलं. बारा वर्षांनी, ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, दहा जण गेले, आणि चार दिवसांनी घोगरेंनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मग तेच जुनं फुटेज 'जय भीम कॉम्रेड'मध्ये परत येतं, चौदा वर्षं खपून केलेली ती फिल्म आहे, २०११ ची. आधीचं रीळ कुणी सांभाळलं नसतं तर नंतरच्या फिल्मचा प्राणच गेला असता. रमाबाई नगरच्या बाबतीत पोलिसांचं म्हणणं होतं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या. गुंडेवार आयोगाने ते मानलं नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला, आणि २००९ मध्ये सेशन्स कोर्टाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरलं. कोण कुठे उभं होतं, टँकर किती लांब होता, यावरच सगळा वाद. अशा वादात फुटेज कुणाकडे आहे आणि ते कुणी कापलंय याला केवढं महत्त्व येतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो आणि तो आपल्याच बाजूच्या लोकांचा आहे. सगळं उघडं टाकलं तर चेहरे ओळखले जातील, पोलीस वापरतील. खरंय. आज कुठल्याही मोर्चात जा, आझाद मैदानात जा, एक पोलीस हँडीकॅम किंवा फोन घेऊन पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सावकाश शूट करत जातो. मला तर वाटतं आजघडीला महाराष्ट्रातल्या आंदोलनांचं सगळ्यात मोठं फिल्म संग्रहालय पोलिसांकडेच असेल, आणि ते आपल्याला कधीच बघायला मिळणार नाही. वर आता चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर आली. त्यामुळे सगळंच सगळ्यांना खुलं ही घोषणा मी देणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं आणि गेल्या वर्षीचं यात फरक करायला हवा. अलीकडचं फुटेज ज्यांनी आंदोलन केलं त्यांच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये, काही वर्षं कुलपातच राहू दे. पण किल्ली संघटनेकडे. निपाणीच्या संपाला मात्र आता चाळीस वर्षं होऊन गेली, त्यातल्या बाईच्या नातीला आजीचा चेहरा बघायला मिळू नये यात सुरक्षितता कसली?

संमतीवरून 'हमारा शहर'मधलीच एक बाई आठवते. झोपडी तुटलेली, आणि ती कॅमेरावाल्यांनाच झापते, आमचे फोटो काढून तुम्हाला काय मिळणार, आम्हाला काय मिळणार, तुमचं नाव होईल. दिग्दर्शकाने ते कापलं नाही, ठेवलं, याबद्दल त्याचं कौतुक होतं आणि व्हायलाही हवं. पण तिचा प्रश्न काही सुटला नाही ना. फिल्मला नॅशनल अवॉर्ड मिळालं. तिला काय मिळालं? घर तर फिल्म देऊ शकत नाही. निदान ती फिल्म तिच्या वस्तीत, तिच्या पुढच्या पिढीला, तिकीट न काढता, फेस्टिव्हलचा पास न मागता बघता यावी एवढं तरी द्यायला पाहिजे होतं, अजूनही पाहिजे.

तर करायचं काय. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली हजारो अनुदानित वाचनालयं आहेत, अ ब क ड वर्गाची, तालुक्यातालुक्यात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी टीव्ही आहे, कॉम्प्युटर आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर बसतात. तिथे या फिल्म का पोचू नयेत? एक हार्डडिस्क, मराठीत सबटायटल, मराठीतच यादी, कुठल्या गावची, कुठल्या सालची, कोण बोलतंय. पैसे ग्रंथालयाच्या अनुदानातून द्या, स्कॅनिंगचा खर्च वारसा मिशनमधून द्या. मूळ रीळ पुण्याच्या वॉल्टमध्ये राहू दे, थंडावा तिथेच आहे, पण दाखवायची परवानगी फिल्म काढणाऱ्याकडे आणि संघटनेकडे, आणि प्रत किमान तीन जागी, म्हणजे एका ठिकाणी आग लागली किंवा एका ठिकाणचा साहेब बदलला तरी फिल्म जाणार नाही. असा करार करता येतो, पैसे घेऊन किल्ली न देणं म्हणतो ते हेच. आणि वाचनालयात, युनियनच्या हॉलमध्ये फुकट दाखवायला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागू नये. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यामुळे आज तांत्रिकदृष्ट्या चौकात फिल्म लावणारा कार्यकर्ता गुन्हेगार ठरू शकतो, आणि इन्स्पेक्टरला कार्यक्रम बंद पाडायला तेवढं निमित्त पुरतं. २००४ मध्ये मुंबईच्या डॉक्युमेंटरी फेस्टिव्हलला भारतीय फिल्मना सेन्सॉर सर्टिफिकेटची अट घालायला निघाले तेव्हा फिल्मवाल्यांनी एकत्र येऊन 'विकल्प' उभं केलं, बाहेर समांतर फिल्म दाखवल्या. ती लढाई फेस्टिव्हलपुरती लढली गेली, खरी गरज गावातल्या पडद्याला आहे.

हे जुन्यापुरतंच आहे असं समजू नका. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आला, १८० किलोमीटर, लाल टोप्या, दहावीच्या पोरांचा पेपर बुडू नये म्हणून रात्रीतून चालत आझाद मैदान गाठलं, सोललेल्या तळपायांचे फोटो सगळ्या देशाने बघितले. त्याचं व्हिडिओ फुटेज आज कुठे आहे? चॅनलांच्या सर्व्हरवर, म्हणजे खासगी मालकीचं, विकत घ्यायचं. आणि चालणाऱ्यांच्या फोनमध्ये, ज्यातले बहुतेक फोन एव्हाना एक्स्चेंजमध्ये गेले. २०२१-२२ चा एसटीचा संप, डेपोडेपोतून कर्मचारी लाइव्ह करत होते, ते व्हिडिओ ज्या फेसबुक पेजवर होते त्यातली किती पेजेस उरली असतील? व्हटकरांनी फिल्मवर टिपलेलं सत्तर वर्षांनी बघता येतंय, आणि आपण फोनवर टिपलेलं सात वर्षांनी सापडत नाही. स्वस्त झालं म्हणून आपण जपायचंच सोडून दिलं.

सरकार, करार, कायदा हे होईल तेव्हा होईल, त्यासाठी भांडावं लागेल. पण ज्या संघटनेकडे आज कॅसेटी पडल्यात तिने त्या पावसाळ्याआधी कपाटातून काढाव्यात, प्लेअरमध्ये घालू नयेत, उभ्या ठेवाव्यात, आणि जुन्या कार्यकर्त्याला शेजारी बसवून प्रत्येक कॅसेटमध्ये काय आहे ते फोनवर रेकॉर्ड करून घ्यावं. फोनमधलं फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर टाकावं, एक ऑफिसात आणि एक कुणाच्यातरी घरी. आणि फाइलचं नाव 'व्हिडिओ ००४७' असं ठेवू नका कृपा करून, गाव टाका, तारीख टाका, कशासाठी बसलो होतो ते टाका.